शेतात उतरायची वेळ आली तर

ठाण्याहून हडपसरला ग्लायडिंगला, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवायला जातोस ना, मग कर्जतपर्यंत गाडीत झोपू नकोस. खिडकीतून शेतं बघ आणि स्वतःला विचार, इथे उतरलो असतो का? भातखाचरं बाद, बांधाला चाक धडकलं की संपलंच. ऊस वरून हिरवळ वाटतो, असतो माणसापेक्षा उंच. कापणी झालेलं लांब शेत बरं. तारा वरून दिसतच नाहीत, म्हणून खांब शोध. चढ असेल तर चढाकडे तोंड करून उतर, मागून थोडा वारा असला तरी. आणि १,००० फुटांखाली थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, शोधत बसायचं नाही. शेत ठरलं की ठरलं. मी एकदा ऐन वेळी बदललं होतं. ग्लायडर वाचलं, इन्स्ट्रक्टरची बोलणी मात्र अजून आठवतात.