पत्री सरकारातील ‘पत्री’

कराडच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, १९४२ च्या आंदोलनातून साताऱ्यात उभ्या राहिलेल्या समांतर शासनाचे नाव स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘प्रतिसरकार’ लिहावे की ‘पत्री सरकार’, आणि यातील ‘पत्री’ म्हणजे पत्र, पत्रा की गणपतीला वाहतात ती पत्री? प्रश्न वेळेवर आला, कारण नुकत्याच साताऱ्यात झालेल्या एका सामान्यज्ञान स्पर्धेत सूत्रसंचालकांनी ‘पुढारी भूमिगत असल्यामुळे सारा कारभार चिठ्ठ्या आणि पत्रांवर चाले, म्हणून ते पत्री सरकार’ असे छातीठोकपणे सांगितले आणि सभागृहाने त्यावर टाळ्याही वाजवल्या. त्या न्यायाने टपाल खाते हेच देशातील सर्वांत जुने पत्री सरकार ठरेल.

पत्र, पत्रा, पत्री, पत्रिका, पत्रावळ ही सगळी एकाच संस्कृत ‘पत्र’ शब्दाची लेकरे आहेत आणि त्याच्या मुळाशी ‘पत्’ म्हणजे पडणे, उडणे हा धातू आहे. संस्कृतात ‘पत्री’ म्हणजे पक्षी आणि बाणसुद्धा. हा भाग कोणत्याही कोशात सापडतो, म्हणून तो येथेच सोडतो. इतिहासही बहुतेकांना पाठ असतो: १९४२ च्या आंदोलनातून क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात उभे केलेले आणि १९४६ पर्यंत टिकलेले समांतर शासन, त्याची न्यायदान मंडळे, साधेपणाने लावलेले गांधी विवाह, जी. डी. बापू लाड यांचे तुफान सेना हे सशस्त्र दल. एक दुरुस्ती मात्र करतो. ‘सांगली जिल्ह्यातील पत्री सरकार’ असे मार्गदर्शिकांमध्ये छापलेले असते, पण तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यात होते, सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात होते, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. विद्वानांचे ठरीव उत्तर असे की, ‘पत्री’ हा ‘प्रति’चा ग्रामीण अपभ्रंश आहे. हे उत्तर देणाऱ्यांनी ग्रामीण माणसाचे बोलणे कधी कान देऊन ऐकलेले नसावे. आमच्याकडे शब्दारंभीचा ‘प्र’ जिभेला जड गेला की तो फोडला जातो: प्रकारचा परकार, प्रसादचा परसाद, प्राणाचा पराण. या रीतीने ‘प्रति’चे ‘परती’ व्हायला हवे होते. वर्णांची अदलाबदल मराठीला अपरिचित आहे असे मी म्हणत नाही. नुकसानीचे ‘नुसकान’ होते, मतलबाचे ‘मतबल’ होते आणि अरबी ‘कुफ्ल’ आपल्या दारावर ‘कुलूप’ होऊन लटकतो. (हे शेवटचे उदाहरण माझे फार लाडके आहे, फ आणि ल यांनी जागा बदलल्या आणि परका शब्द इतका घरचा झाला की किल्लीला त्याचा संशयही येत नाही.) परंतु या अदलाबदलीने ‘प्रति’ला गाठले असते, तर तिने ‘प्रतिनिधी’लाही सोडले नसते. प्रतिसरकारचे केंद्र असलेले कुंडल हे गाव औंध संस्थानातले, म्हणजे पंतप्रतिनिधींचे होते. छत्रपती राजारामांच्या काळी जिंजीला निर्माण झालेले हे पद या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले जात होते, आणि त्याचे ‘पत्रिनिधी’ झालेले मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही. एकाच गावात एक ‘प्रति’ शाबूत राहते आणि दुसरीची ‘पत्री’ होते, तेव्हा कारण जिभेत शोधून भागत नाही, ते डोळ्यांपुढच्या चित्रात शोधावे लागते.

ते चित्र खरसुंडीच्या जनावरांच्या यात्रेत आजही दिसते. खिलार बैलाच्या पायांत दोर अडकवून त्याला कुशीवर पाडतात, चारही पाय एकत्र आवळतात, नालबंद खूर तासून सपाट करतो आणि त्यावर लोखंडाची पातळ पत्री ठेवून खिळे ठोकतो. घोड्याच्या अखंड टापेला एक नाल पुरतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. मी नालबंदाला हे काम उभ्या बैलावर होत नाही का असे विचारले, तेव्हा मान वर न करता तो म्हणाला, ‘‘पाडल्याबिगर पत्री बसत न्हाई.’’

प्रतिसरकारात गुंडांना, दरोडेखोरांना आणि फितुरांना तळपायांवर काठ्या मारण्याची शिक्षा होती. तळपायावर मारायचे म्हणजे माणसाला आडवे पाडणे आणि पाय धरून ठेवणे आलेच. ज्यांचा जन्म बैलांमागे गेला, त्या शेतकऱ्यांना हे दृश्य पाहून नालबंद आठवला नसता तरच नवल! ‘त्याला पत्री मारली’ ही माझ्या मते त्या दृश्यावरून सुचलेली गावरान उपमा आहे. तिचा शब्दशः अर्थ घेऊन माणसांच्या पायांत खरोखरच लोखंड ठोकले जात होते असे रंगवून सांगणाऱ्यांनी उपमेतली बोच तेवढी काढून टाकली आणि खिळे ठेवले. कानावर पडणारे नवे ‘प्रतिसरकार’ आणि तोंडात बसलेली जुनी ‘पत्री’ यांची गाठ पडली आणि ध्वनीचे साम्य पथ्यावर पडले, एवढेच अपभ्रंशवाद्यांचे म्हणणे मी मान्य करतो. शाहिरांचा हातभारही लागला असावा, असा माझा तर्क आहे. शाहीर शंकरराव निकम यांच्यासारखे पोवाडेकार या चळवळीबरोबर गावोगाव हिंडत होते, आणि डफाच्या थापेवर ‘पत्री’तले द्वित्त जसे खणखणीत पडते, तसे ‘प्रति’ पडत नाही. शंका असेल त्यांनी दोन्ही शब्द टेबलावर बोटांनी ठेका धरून म्हणून पाहावेत.

उत्तरपत्रिकेत ‘प्रतिसरकार’ लिहावे, कारण ते त्या शासनाच्या स्वरूपाचे नाव आहे. ‘पत्री सरकार’ हे लोकांनी ठेवलेले नाव म्हणून सोबत लिहिल्यास बिघडत नाही. ‘प्रतिसरकार’ जोडून लिहावे आणि त्यातील ‘ति’ ऱ्हस्व ठेवावी. ‘प्रती सरकार’ असे तोडून आणि दीर्घ लिहिले, तर तो पुस्तकाच्या प्रती मोजणारा कारभार वाटतो. ‘पत्री’तली ‘त्री’ मात्र दीर्घच.