पहिल्या नोकरीसाठी टिकाऊ बूट कसे ओळखायचे आणि सावळ्या रंगाला कोणते शर्ट शोभतात?

तू लिहिलंयस की वय 24 आहे, वर्ध्याहून नागपूरला पहिल्या नोकरीवर रुजू व्हायचंय आणि बुटासाठी 3,000 रुपये बाजूला काढलेत. शेवटी एक ओळ आहे: "मी बराच सावळा आहे, म्हणजे मला फिकट रंगच घ्यावे लागतील ना?" त्या एका ओळीसाठी मी लिहायला बसलो. वयानं मी तुझ्या दुप्पट आहे, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको.

नाही, फिकट रंग घ्यावे लागत नाहीत. हे तुला ज्यानं सांगितलं त्यानं चुकीचं सांगितलं. मला हेच माझ्या मामांनी सांगितलं होतं आणि त्यापायी मी आयुष्याची चार-पाच वर्षं बदामी आणि राखी शर्टांत घालवली.

आधी बूट.

2004 च्या जुलैत मी एका औषध कंपनीत एमआर म्हणून, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी म्हणून रुजू झालो. आमचं घर नागपुरातल्या इंदोऱ्यात. वडील एम्प्रेस या कापड मिलच्या रंगाई खात्यात होते, मिल बंद पडल्यावर घरात पैशाची चणचण होती आणि त्या काळात मामांनी आम्हाला सांभाळलं. हे मी विसरलेलो नाही आणि पुढचं सगळं त्यांचे उपकार मानूनच लिहितोय. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मामा एक खोका घेऊन आले. आत काळे चकचकीत बूट, टोकदार, अगदी नवेकोरे. 1999 मध्ये मोठ्या मामेभावाच्या लग्नात मामांनी स्वतःसाठी घेतलेले, दोनदा घातलेले आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आलमारीत जपून ठेवलेले. नंबर आठ. माझाही आठच. मामा म्हणाले, "घे. दुकानातून आणल्यासारखेच आहेत."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांबरोबर धंतोलीत डॉक्टरांना भेटायला निघालो. धंतोली आणि रामदासपेठ म्हणजे दवाखान्यांचीच वस्ती, एका गल्लीत दहा डॉक्टर. पाऊस भुरभुरत होता. दोन भेटी झाल्या. तिसऱ्या दवाखान्याच्या पांढऱ्या फरशीवर मी वळून पाहिलं तर माझ्यामागे काळ्या चुऱ्याची रेघ. टाचेचा सोल शिळ्या भाकरीसारखा कुस्करून पडत होता. बसलेले पेशंट पाहत होते. आतून सिस्टर झाडू घेऊन आली आणि माझ्या पायापाशी झाडायला लागली. दुसऱ्या बुटाचा सोल मधोमध तडकला होता. मी सॅम्पलच्या खोक्याचे रबर काढून बुटांना बांधले. मॅनेजरसाहेब एक शब्द बोलले नाहीत, फक्त माझ्या पायांकडे पाहून घड्याळाकडे पाहिलं. तो क्षण आजही आठवला की कानशिलं तापतात.

संध्याकाळी मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुले चालताच नाही येत बे. पाय घासत चालतं तू. पाच वर्षं बूट जसेच्या तसे होते, तुह्या पायात एक दिवस नाही टिकले." हे वाक्य मी त्यानंतर प्रत्येक लग्नात, बारशात, माझ्या स्वतःच्या साक्षगंधातही ऐकलंय. वीस वर्षं.

मामा, मी पाय घासत चालत नाही. त्या बुटांचे सोल पॉलियुरेथेनचे होते, ज्याला दुकानदार पीयू म्हणतात. पीयू हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेतो आणि आतल्या आत त्याचे बंध तुटत जातात. उष्णता आणि दमट हवा असली की हे आणखी लवकर होतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर ओल आतच कोंडते. वरून बूट नवाच दिसतो, कारण वरचं चामडं शाबूत असतं. पहिल्या दिवशी अंगाचा भार पडला की सगळं सुटतं. कोणाच्याही पायात ते सुटलेच असते, मामांच्या पायातसुद्धा.

हे मला शिकवलं पंचशील चौकाजवळच्या एका मोचीनं. त्याच दिवशी दुपारी मी रबर बांधलेले बूट घेऊन त्याच्याकडे गेलो होतो. त्यानं अंगठ्यानं सोल दाबला, अंगठा आत रुतला. "साहेब, याच्यात टाका धराले जागाच नाही राहिली," तो म्हणाला. मग त्यानं पेटीतून एक जुना डर्बी काढला, म्हणजे लेसच्या दोन्ही पट्ट्या मोकळ्या उघडणारा बूट. कोणीतरी दुरुस्तीला टाकून नेलाच नव्हता, त्याला त्यानं नवा रबरी सोल शिवून लावला होता. 250 रुपये. त्या बुटानं मला सहा वर्षं गावोगाव फिरवलं, दोनदा सोल बदलला, वरचं चामडं शेवटपर्यंत फाटलं नाही.

म्हणून दुकानात बूट आधी उलटा कर. सोलच्या कडेला शिलाई दिसली तर नखानं चाचपून बघ. पुष्कळ बुटांवर शिलाईची नुसती नक्षी साच्यातच उमटवलेली असते, दोरा नसतोच. 3,000 मध्ये वेल्टची शिलाई, म्हणजे कडेच्या चामड्याच्या पट्टीतून सोल शिवलेला बूट मिळेल अशी आशा ठेवू नको, चिकटवलेला सोल मिळेल आणि तो चालतो. फक्त सोल रबराचा किंवा टीपीआरचा (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचा) घे आणि किती दिवसांचा माल आहे ते विचार. शेल्फच्या मागून धूळ झटकून काढलेला, "शेवटचा पीस, निम्म्या किमतीत" म्हणून दिलेला पीयू सोलचा बूट घेऊ नको. मग बूट हातात धरून वाकव. तो पंजाच्या जागी वाकला पाहिजे, जिथं आपली बोटं वळतात तिथं. मधोमध घडी पडत असेल तर परत ठेव. टाचेची मागची बाजू दोन बोटांनी दाब, ती कडक लागली पाहिजे.

चामडं ओळखायचं तर लेसखालच्या जिभेची कापलेली कड बघ. खरं चामडं कडेला तंतुमय दिसतं, रेक्झिनला खाली कापडाचा थर असतो. वासावर जाऊ नको, वास फवारूनही येतो. "जेन्युइन लेदर" या शिक्क्यावर तर अजिबात जाऊ नको, त्यातून कातडं आहे एवढंच कळतं, कसलं ते कळत नाही. आरशासारखं चमकणारं चामडं बहुधा घासून वरून प्लास्टिकचा मुलामा दिलेलं असतं, वर्षभरात बोटांच्या घडीवर ते तडकतं. साधं, किंचित मंद दिसणारं, दाबल्यावर बारीक सुरकुत्या पडून परत सरळ होणारं चामडं घे. मामांचे बूट आरशासारखे होते.

मापाचं सांगतो, कारण मामांचा आठ आणि माझा आठ एकच नव्हता. नंबर लांबीचा असतो, रुंदीचा नसतो. ज्याचं लहानपण अनवाणी आणि चपलेत गेलं त्याचा पंजा पुढून पसरट असतो. टोकदार बुटात तो कोंबला की करंगळीला घट्टे पडतात. तुझी बोटं आत हलली पाहिजेत आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. लेस उघडी पडणारा डर्बी घे, त्यात पाय सैल-घट्ट करता येतो. बूट घ्यायला सकाळी जाऊ नको. दिवसभर चालून पाय फुगतो, म्हणून संध्याकाळी जा, ऑफिसला घालशील तेच मोजे घालून. दोन्ही पायांत घालून बघ, एक पाय बहुतेकांचा थोडा मोठा असतो, माप त्याचं धर.

आणि हे नागपूर आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. स्कूटीच्या डिक्कीत किंवा उन्हातल्या गाडीत बूट ठेवले तर डिंक मऊ पडून सोल सुटतो. पावसात भिजले तर उन्हात किंवा कूलरच्या समोर ठेवू नको, चामडं कडक होऊन तडकतं. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत दोन दिवस ठेव. शक्य झालं तर पहिल्या पगारात दुसरा जोड घे आणि आलटून पालटून घाल. दोन जोड मिळून एका जोडाच्या दुपटीहून जास्त टिकतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

आता रंग.

मामांचं वाक्य असं होतं: "आपल्या रंगावर फिकेच कपडे शोभते. गडद घातलं का माणूस अजून काळा दिसते." पहिल्या नोकरीचे तीन शर्ट त्यांनीच आणले होते. बदामी, राखी आणि एक मातकट पिवळा. मी ते घातले आणि ते माझ्या कातडीत विरून गेले. शर्ट कुठं संपतो आणि माणूस कुठं सुरू होतो ते कळेना.

वडील तेव्हा घरीच असायचे. एक दिवस त्यांनी मला हात धरून व्हरांड्यात नेलं. रंगाई खात्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते म्हणाले, "दिव्याखाली शेड पास नाही करत, बाबू." ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग दिवसाच्या उजेडात वेगळे निघतात, म्हणून मिलमध्ये लॉट उजेडात नेऊनच तपासत. त्यांनी माझ्या गळ्याशी आधी तो बदामी शर्ट धरला, मग आईचं जुनं बाटलीहिरवं लुगडं, मग धुतलेली पांढरी चादर. आरसा समोर. मला एक शब्द सांगावा लागला नाही. हिरव्याजवळ चेहरा उजळला होता, पांढऱ्याजवळ डोळे ठळक दिसत होते, बदामीजवळ मी आजारी वाटत होतो.

आजी बाजेवर बसून पाहत होती. 14 ऑक्टोबर 1956 ला ती पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर गेली होती, तिच्यासारखे लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत तिथं होते. आमच्या वस्तीत घराघरांत भिंतीवर बाबासाहेबांचा सूट-टायमधला फोटो आहे. महाडला 1927 साली त्यांनी बायांना सांगितलं होतं की लुगडं नीट नेसा, अंगावर जातीची खूण सांगणारं काही ठेवू नका. आमच्या घरात कपड्याची गोष्ट कधीच नुसती हौसेची नव्हती. मामांचं बोलणं सांगितल्यावर आजी एवढंच म्हणाली, "उठून दिसाले नाही तं मंग नवे कपडे कायले घालाचे?"

मामा कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून ते सांगत होते, हे मला आता कळतं. त्यांनी त्यांच्या तरुणपणी काय ऐकलं असेल याची कल्पना करता येते. तरी त्यांचं सांगणं चूक होतं आणि तू ते पाळू नकोस.

तू पांढराशुभ्र घे, नेव्ही घे, बाटलीहिरवा घे, मरून घे, मोहरीचा गडद पिवळा घे. ऑफिस फारच शिस्तीचं असेल तर पांढरा आणि नेव्ही यांवर वर्ष काढता येतं. बदामी, खाकी, मळकट राखी, म्हणजे जे तुझ्या कातडीच्या जवळ जातं ते चेहऱ्यापासून लांब ठेव, पँटला चालेल. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या ते बघून रंग ठरवायचा सल्ला कोणी दिला तर सोडून दे, सावळ्या हातावर त्या शिरांचा रंग बहुधा धड कळत नाही. घाम येणार असेल, आणि नागपुरात येणारच, तर फिका निळा आणि राखी टाळ, बगलेतला डाग सगळ्यात आधी त्यांवर दिसतो. गांधीबागेत कापड घेऊन शिवून घेतलंस तर आणखी चांगलं. दुकानातल्या दिव्यांखाली ठरवू नको, थान दारात आणून उजेडात बघ. दुकानदार कुरकुर करणार नाही, साड्या घेणाऱ्या बाया रोजच करतात.

काही गोष्टी राहिल्या. पीयू सोल वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. हलका आणि आरामाचा असतो, रोज घालणाऱ्याला उत्तम, फक्त ठेवून द्यायचा नाही. चामडं वापरायचं नसेल तर रेक्झिनचा बूटही घे, मात्र वर्ष-दीड वर्षात बदलावा लागेल असं धरून चाल. घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांच्या बुटासाठी हे उत्तर वापरू नको, डॉक्टरांना विचार. रंगाचं मी जे लिहिलं ते माझ्या आणि माझ्या घरच्यांच्या अंगावर पाहिलेलं आहे, तू आरशासमोर उजेडात स्वतः बघ. बाकी पट्टा बुटाच्या रंगाचा असतो वगैरे तुला माहीत असेलच.

पहिला जोड काळा डर्बी घे, रुजू व्हायच्या पंधरा दिवस आधी घे आणि रोज अर्धा तास घरात मोजे घालून चाल. टाच घासत असेल तर तेव्हाच कळेल, बूट फरशीवरच घातलेला असेल, सोल मळलेला नसेल, तर दुकानदार बहुधा बदलून देतो. पावती खोक्यातच ठेव.