हाफ मॅरेथॉनचं नंतर बघू, आधी सावकाश पळा

पळायला नुकतीच सुरुवात करत असाल, तर जानेवारीतल्या मुंबई हाफ मॅरेथॉनचे २१.१ किलोमीटर सध्या डोक्यातून काढा. पहिले दोन महिने एक दिवसाआड पळा, तेही सोबतच्याशी गप्पा मारता येतील इतकं सावकाश. बोलणं तुटायला लागलं की चाला, त्यात कमीपणा नाही. नवे लोक नेमके इथेच चुकतात: पहिल्याच आठवड्यात मरीन ड्राइव्हवर दुसऱ्याच्या वेगाशी बरोबरी करतात आणि पंधरवड्यात नडगी धरून बसतात.

- बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा हवी.
- उजाडताच निघा. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतच राहतं.
- झोप मोडून पळू नका.

उद्या शिवाजी पार्कला एकच फेरी मारा. किलोमीटरहून थोडी जास्त भरते, सुरुवातीला पुरे.