टप्पा घेताना बॉल फुग्यासारखा का दिसतो?

प्रश्न: ओपनटूंझ या २डी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये बॉल उड्या मारतानाचं ॲनिमेशन करतेय. स्क्वॅश-स्ट्रेच (बॉल दाबणं-ताणणं) दिलं तर बॉल जमिनीवर आल्यावर फुगल्यासारखा वाटतो, आणि फिरवला की वाकडातिकडा होतो. काय चुकतंय?

उत्तर: फुगतोय कारण तुम्ही बहुतेक फक्त रुंदी वाढवताय, उंची आहे तेवढीच ठेवताय. आकार बदलला तरी माल तेवढाच राहिला पाहिजे ना, पोळीचा गोळा दाबला की पसरतो पण कणीक काय वाढत नाही, तसंच. रुंदी १४० टक्के केली तर उंची साधारण ७१ वर आणा. ॲनिमेट टूलमध्ये स्केल करताना मेन्टेन या पर्यायात मास (वस्तुमान) निवडलंत तर हा हिशोब सॉफ्टवेअरच करतं. सेंटर पॉइंट (ज्या बिंदूपासून आकार लहान-मोठा होतो तो) मात्र बॉलच्या तळाला ठेवा, नाहीतर दबल्यावर तो जमिनीपासून वर तरंगेल.

वाकडं होण्याचं कारण वेगळं आहे, एकाच लेयरला फिरवणं आणि ताणणं दोन्ही दिलं की ताणही बॉलबरोबर गरगर फिरतो. म्हणून बॉल एका पेगला (स्वतः न दिसणारी, जोडलेल्या चित्राला हलवणारी खुंटी) जोडा, फिरवणं बॉलवर, स्क्वॅश-स्ट्रेच पेगवर.

आणि हो, टेकायच्या फ्रेमला लगेच दाबू नका, ताणलेलाच टेकू द्या, पुढच्या फ्रेमला दाबा. २४ एफपीएसला (सेकंदाला २४ फ्रेम) एक-दोन फ्रेम दबलेला पुरे, जास्त ठेवलात तर जेली होते. वर टोकाला गेला की परत गोल, तिथे वेगच नसतो तर ताणणार कशाला? आणि बोलिंगचा जड, कडक बॉल असेल तर हे सगळं जवळजवळ विसरा.