चिनी कंपन्या दुसऱ्यांचा माल बनवता बनवता स्वतःचे ब्रँड कसे उभे करू शकल्या?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावानं माल बनवणाऱ्या चिनी कंपन्यांनी स्वतःचे ब्रँड कसे उभे केले, आणि तुमच्यासारख्या घरगुती वस्तूंच्या छोट्या उत्पादकानं त्यातून ‘लोगो-पॅकिंगबाबत’ काय घ्यावं. लोगोचं शेवटी सांगते. ‘लोगो-पॅकिंग’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसले, कारण याच शब्दापायी मी एक चांगली नोकरी सोडली आहे.

2013 च्या एप्रिलची गोष्ट. मी तेव्हा भोसरीतल्या एका कंपनीत प्रॉडक्ट डिझायनर होते. स्टीलच्या बाटल्या, डबे, कॅसरोल असा माल. साहेबांबरोबर आधी चीनमधली ग्वांगझोऊची व्यापारी जत्रा केली आणि तिथून योंगखांगला गेलो. घाऊक बाजाराचं यिवू सगळ्या व्यापाऱ्यांना माहीत असतं. योंगखांग त्याच्या जवळच आहे, आणि थर्मास बनवणारे कारखाने तिथं गल्लोगल्ली आहेत. साहेबांच्या बॅगेत एक युरोपियन थर्मास होता. तो टेबलावर ठेवून ते दुभाष्याला म्हणाले, “सेम टू सेम. फक्त नाव आमचं.” तिथल्या कारखान्याच्या मालकांनी बाटली उलटी करून तळ पाहिला, भाव सांगितला, एका रंगाचे कमीत कमी 3,000 नग म्हणाले. दहा मिनिटांत सौदा झाला.

पैशांचं बोलणं चालू असताना मालकांची मुलगी मला वरच्या खोलीत घेऊन गेली. हांगझोऊच्या चायना अकॅडमी ऑफ आर्टमध्ये शिकून आलेली, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. खोलीत भिंतभर झाकणं टांगलेली होती. बाटली एकही नाही, नुसती झाकणं, पन्नासेक तरी असतील. ती स्टेशनवर तासन् तास बसून लोक थर्मास कसा वापरतात ते बघायची. तिकडे स्टेशनात आणि गाडीत उकळत्या पाण्याचे नळ असतात. लोक चहाची पानं थेट बाटलीत टाकतात आणि दिवसभर वर पाणी भरत राहतात. युरोपियन बाटली कॉफीसाठी बनलेली. तिच्यात पानं टाकली की ती घोटाघोटाला तोंडात येतात, आणि झाकण काढायला दोन्ही हात लागतात. हलत्या गाडीत एका हातानं उघडेल आणि पानं अडवेल असं झाकण तिला हवं होतं. सातवा नमुना चालू होता. माझ्यासमोर तिनं त्यावर पेननं खूण केली, जिना उतरून अंगणापलीकडच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि नमुने बनवायच्या खोलीत गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आठवा नमुना तिच्या हातात होता.

आता कुणी म्हणेल, टूलरूम भोसरीत काय कमी आहेत? अजिबात नाहीत, आणि आपल्या कारागिरांचा हात त्यांच्यापेक्षा कमी नाही. पण मला तिथं जायची मुभा नव्हती. ड्रॉइंग पर्चेसकडे द्यायचं, पर्चेसवाले कोटेशन मागवणार, मग पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, मग पाच आठवड्यांनी नमुना. आणि त्यात काही बदलायचं म्हटलं की “मॅडम, आता फायनल करा”. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे. ज्यानं वस्तू कल्पिली त्याला डायपर्यंत, म्हणजे साच्यापर्यंत चालत जाता येतं की नाही, एवढंच बघा.

तिनं मला विचारलं, तुमच्याकडे पाणी कसं पितात? मी मान वर करून दाखवलं: वरून, तोंड न लावता. तिनं साहेबांचा तो थर्मास भरून माझ्या हातात दिला. सगळं पाणी नाकात आणि कुर्त्यावर. तिनं ते लगेच वहीत लिहून घेतलं. त्या रात्री हॉटेलवर बसून मी एक झाकण काढलं: पाण्याला बारीक चोच, धार फुटू नये म्हणून हवेला वेगळं भोक, धुताना रिंग बोटानं निघेल अशी खाच. सकाळी नाश्त्याला साहेबांपुढे ठेवलं. झाकणाचा नवा मोल्ड सव्वा लाखात बसत होता.

साहेब म्हणाले, “माल इम्पोर्टेड दिसला पाहिजे. ब्रँड जाहिरातीनं होतो. तुम्ही रंग आणि बॉक्स बघा.” मी हटले नाही, तेव्हा त्यांनी फ्रिज बनवणाऱ्या चिनी हायरचं उदाहरण काढलं. रांजणगावला त्यांचा कारखाना, सगळ्यांच्या माहितीतला. “हायर हे नावसुद्धा जर्मन कंपनीवरून घेतलेलं. मग आपण इंग्रजी नाव घेतलं तर बिघडलं कुठं?”

नावाचं खरं आहे. छिंगदाओच्या त्या कारखान्यानं 1984 मध्ये जर्मन लीबहेरशी तंत्रज्ञानाचा करार केला आणि त्या नावाच्या चिनी उच्चाराचं शेपूट पुढे ब्रँड झालं. पण त्यांनी नुसतं नाव घेतलं नाही, फ्रिज बनवायची विद्याही घेतली. 1985 मध्ये तपासणीत 76 फ्रिज सदोष निघाले, तर कारखान्याचे प्रमुख झांग रुईमिन यांनी ते कामगारांच्याच हातांनी घण घालून फोडले. एका फ्रिजची किंमत कामगाराच्या जवळपास दोन वर्षांच्या पगाराएवढी असताना! पुढे सिचुआनच्या शेतकऱ्याची तक्रार आली की वॉशिंग मशिनचा पाइप तुंबतो. बघतात तर तो त्यात रताळी धूत होता. कंपनीनं रताळी धुता येतील असं मशिन काढलं. इथं भारतातही फ्रीझर खाली आणि भाजीपाला वर असे फ्रिज त्यांनी आग्रहानं विकले, कारण आपल्या घरांत दिवसातून वीस वेळा उघडतो तो भाजी-दुधाचा कप्पा, फ्रीझर नव्हे. साहेब, त्या सकाळी मला हे सगळं सुचलं नाही म्हणून आज लिहिते आहे.

पुढे काय झालं? थर्मासवर इंग्रजी वाटेल असं नाव आणि ‘जर्मन टेक्नॉलॉजी’चं स्टिकर लागलं. पहिल्या दिवाळीत कंपन्यांच्या गिफ्टमध्ये माल हातोहात गेला. दुसऱ्या दिवाळीला तीच बाटली, तेच झाकण, वेगवेगळ्या अकरा नावांनी बाजारात. मी मोजली होती. मोल्ड आमचा नव्हताच, कुणीही जाऊन घेऊन येत होतं. तिसऱ्या वर्षी भाव इतका पडला की गोडाऊनमधला माल खरेदीच्याही खाली काढावा लागला. 2015 मध्ये मी राजीनामा दिला.

ली निंग ही खेळाचे बूट-कपडे बनवणारी चिनी कंपनी तुम्ही जरूर अभ्यासा. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची तीन सुवर्णपदकं जिंकणाऱ्या खेळाडूनं 1990 मध्ये काढलेली. 2010 मध्ये त्यांनी लोगो बदलला, घोषवाक्य बदललं, ‘नव्वदच्या पिढी’चा ब्रँड म्हणून स्वतःला जाहीर केलं. दुकानांत मात्र जुनाच माल तुंबलेला. जुनं गिऱ्हाईक दुखावलं, नवं आलं नाही. 2012 साली सुमारे 200 कोटी युआनचा तोटा, आणि पुढची दोन वर्षंही तोट्याचीच. मग संस्थापक स्वतः परतले, साठा आणि दुकानं मार्गी लावली, जुनं घोषवाक्य परत आणलं. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या फॅशन वीकमध्ये छातीवर ठळक चिनी अक्षरं, लाल-पिवळा रंग, नव्वदच्या दशकातल्या खेळाडूंच्या ड्रेसची आठवण असं कलेक्शन आलं आणि तिथली तरुण मुलं त्यावर तुटून पडली. त्या वर्षी विक्री 1,000 कोटी युआनच्या पुढे गेली. देशी वळणाच्या फॅशनच्या त्या लाटेला तिकडे ‘ग्वोछाओ’ म्हणतात. आपल्याकडचे लोक त्यातली फक्त अक्षरं बघतात आणि टी-शर्टवर मोडी छापतात. मधल्या तीन-चार वर्षांचं गोडाऊन कुणी बघत नाही.

ड्रॅगन आणि लाल कंदील म्हणजे चिनी डिझाइन, असं मानणाऱ्यांनी शांग शियाचा चहाचा पेला बघावा. ज्यांग छ्योंग-अर या डिझायनर बाईंनी महागड्या वस्तूंच्या फ्रेंच एर्मेस कंपनीच्या साथीनं उभा केलेला ब्रँड. पहिलं दुकान 2010 मध्ये शांघायला. पांढऱ्या चिनी मातीच्या पेल्यावर बांबूच्या दोऱ्याएवढ्या बारीक पट्ट्यांची वीण असते. दिसते देखणी, पण मुळात ती बोटं भाजू नयेत म्हणून उपयोगाची. बुरुडकाम करणाऱ्यांना त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

आता काही गोष्टी कबूल करायला हव्यात. नक्कल तिकडे आजही भरपूर चालते. आमचा थर्मास त्यांनीच तर बनवून दिला. शांग शियामागे परदेशी भांडवल होतं आणि 2020 मध्ये त्यातला मोठा वाटा दुसऱ्या युरोपियन गुंतवणूकदाराकडे गेला. सरकारचा जोरही आहे. 2017 पासून 10 मे हा तिकडे ‘चिनी ब्रँड दिन’ आहे. शिवाय मी बघितला तो एका प्रांताचा एक कोपरा. आणि त्या मुलीच्या वडिलांनीही तिला विरोधच केला होता. स्वतःचं नाव लावलंस तर ऑर्डर देणारे बिथरतील, असं त्यांचं म्हणणं. तेही खोटं नव्हतं.

लोगो. तुमच्या गावातला चांगला साइनबोर्ड पेंटर किंवा ग्राफिक डिझायनर गाठा, ठसठशीत देवनागरी करून घ्या, डब्याच्या तळाशी कोरून घ्या. स्टिकर नको, दोन धुण्यांत जातं. पण त्याआधी एक डाय स्वतःच्या मालकीची करा, भले एका झाकणाची असेना. तुमचा डबा चार घरांत द्या आणि महिन्यानं जाऊन बघा: कडी कोण कशी लावतं, रस्सा कुठून गळतो.

योंगखांगची ती मुलगी आणि मी वीचॅट या चिनी अ‍ॅपवर बोलायचो. 2017 मध्ये तिनं स्वतःच्या नावाचा थर्मास ऑनलाइन विकायला काढल्याचे फोटो पाठवले. झाकण तेच होतं, फक्त कितवं ते मी विचारलं नाही. जून 2020 मध्ये इथं वीचॅट बंद झालं आणि तिचा दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. माझ्या चोचीच्या झाकणाचा एक नमुना तिनं निघताना लेथवर करून दिला होता. तो मी रोज वापरते. सिलिकॉनची रिंग दोनदा बदलली. धार अजून एकसारखी पडते.