रान साफ करायला पर्सनल लोन? थांबा जरा

तुम्ही विचारलंय की 2 एकर जागेसकट जुनं पडीक घर घेतलं, सगळीकडे डोक्याएवढं रान माजलंय, तर पर्सनल लोन काढून जेसीबी लावून एकदाच सगळं सपाट करू का ब्रश कटर (गवत-झुडपं कापायचं हातातलं मशीन) घेऊन सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करू. हातात 6 महिन्यांच्या खर्चाएवढी बचत उरलीय आणि छप्पर गळतंय, हे तुम्ही जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलंय, पण मला तर खरा प्रश्न तोच वाटतो.

लोन नको. कारण रान काढणं हा एकदाचा खर्च नाहीये. बरीच झुडपं कापली की बुंध्यातून परत फुटतात, आणि मुळासकट उपटायला जेसीबी फिरवला तर वरची चांगली माती पण खरवडली जाते, मग त्या उघड्या जमिनीवर सगळ्यात आधी तणच उगवतं, उतार असेल तर माती वाहून जाते ते वेगळंच. म्हणजे ईएमआय चालूच आणि रान परत उभं! जेवढं दरवर्षी साफ ठेवायला जमणारे तेवढंच साफ करा.

आता 2 एकर म्हणजे 87,120 स्क्वेअर फूट. घर हजार फुटाचं धरलं आणि चारी बाजूंनी 30 फूट पट्टा मोकळा केला तर काम होतं साधारण साडेसात हजार फुटाचं, दहावा हिस्सासुद्धा नाही. ह्या वर्षी एवढंच करा, अधिक रस्त्यापर्यंतची वाट आणि हद्दीवर चालता येईल अशी पायवाट. भिंतीला टेकलेली झुडपं मात्र पहिल्याच दिवशी काढा, त्यांच्यामुळे भिंत वाळत नाही आणि ओल धरते, तो खर्च नंतर घरावर निघतो. उरलेलं रान राहू दे, ते काय व्याज मागत नाही.

मशीन घ्यायचं का भाड्याने आणायचं, तर किमतीला रोजच्या भाड्याने भागा, जो आकडा येईल त्यापेक्षा जास्त दिवस वर्षा-दोन वर्षांत लागणार असतील तरच विकत घ्या. मी आकड्यातला माणूस, झाडाझुडपातला नाही, पण एवढं कळतं की पहिला हात दणकट माणसाकडून मारून घ्यावा आणि मग राखायचं काम आपण करावं. गवतात जुनी विहीर, तारा, काचा काहीही असू शकतं, आधी कोयता घेऊन चालत फिरा मगच मशीन. कोटेशन घेताना विचारा की कापलेला पाला-फांद्या कोण उचलणार, बुंधे काढणं त्यात धरलंय का, रेट तासावर आहे का पूर्ण कामाचा. मोठी झाडं असतील तर परवानगी लागते का ते आधी बघा, आणि हद्द मोजून घेतल्याशिवाय कडेचं काही कापू नका.

बचतीला सध्या हात लावायचा तो फक्त छपरासाठी, तोही निम्म्याच्या आत. लोनवर सही केली नसेल तर करू नका, छपराचं कोटेशन आलं की आकडे पाठवा, मग पुढचं बघू.