ब्रिटनमधल्या सामान्य माणसाला परराष्ट्र धोरणाशी काही देणंघेणं असतं का, आणि सरकार त्याचं ऐकतं का?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी शिकायला इकडे येताय आणि इथले लोक जगाबद्दल काय विचार करतात ते समजून घ्यायचंय. मी लेस्टरमध्ये जवळपास पंधरा वर्षं आहे, एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे, त्यामुळे डबा खाताना टेबलावर जे कानावर पडतं त्यावरूनच सांगतो.

रोज कुणी परराष्ट्र धोरण बोलत नाही. इप्सॉस ही सर्व्हे करणारी कंपनी १९७४ पासून लोकांना विचारत आलीय की देशापुढचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता, आणि बहुतेक वेळा वरती असतं ते महागाई, नोकऱ्या, एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, आणि इमिग्रेशन. बाहेरचं जग वर येतं ते कुठेतरी युद्ध पेटलं की. आणि आपल्याला वाटतं तसा भारत यांच्या डोक्यात फारसा नसतोच. एकदाच मला थेट विचारलं गेलं, मंगळयान गेलं तेव्हा. एक सहकारी म्हणाला, तुम्ही मंगळावर यान पाठवता मग आमच्या टॅक्सचे पैसे तुम्हाला कशाला? सरकारने २०१२ मध्येच सांगून टाकलं होतं की २०१५ पर्यंत भारताची आर्थिक मदत बंद करणार, ते त्याला माहीत नव्हतं. मला तेव्हा लागलं ते, पण नंतर कळलं की त्याची आई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कित्येक महिने वेटिंग लिस्टवर होती. परदेशी मदतीवरचा इथला राग बराचसा असा घरातून येतो. म्हणूनच राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के असलेली मदत २०२१ मध्ये ०.५ वर आणली, मग २०२५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान स्टार्मर यांनी ती २०२७ पर्यंत ०.३ करून पैसा संरक्षणाकडे वळवायचं जाहीर केलं, तरी लाखांचा मोर्चा काही निघाला नाही.

मोर्चा निघाला होता तो इराकवरच्या युद्धाच्या विरोधात. इथल्या लोकांचं मन समजून घ्यायचं तर इराकपासूनच सुरुवात करावी लागते. १५ फेब्रुवारी २००३ ला लंडनमध्ये इतके लोक रस्त्यावर आले की पोलिसांचा आकडाच साडेसात लाखांचा होता आणि आयोजक तर वीस लाखांपर्यंत सांगत होते. तरी १८ मार्चला संसदेत ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाचा ठराव पास झाला आणि दोन दिवसांत युद्ध सुरू. पण सगळा देश विरोधात होता आणि एकट्या पंतप्रधान ब्लेअरनी रेटलं असंही नाही हो! सैन्य आत गेल्यावर मत फिरलं, यूगव्ह या दुसऱ्या सर्व्हे कंपनीच्या त्या वर्षीच्या सर्व्हेंमध्ये सरासरी ५४ टक्के लोक म्हणत होते की कारवाई बरोबर आहे. त्याच यूगव्हने २०१५ मध्ये विचारलं की तेव्हा तुमचं मत काय होतं, तर फक्त ३७ टक्के म्हणाले की आम्ही पाठिंबा दिला होता. म्हणजे बाकीचे विसरले, किंवा आठवायला नको वाटलं.

आमचे शेजारी, आता ऐंशीच्या घरात आहेत, ते मात्र विसरलेले नाहीत. आमच्याजवळ व्हिक्टोरिया पार्कमध्ये पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ मोठी कमान आहे, इंडिया गेट बांधणाऱ्या लटयन्सचीच, तिथे दर नोव्हेंबरला कार्यक्रम असतो आणि मी दोन-तीनदा त्यांना सोबत म्हणून गेलोय. एकदा तिथेच, कोटाला लावलेली कागदी पॉपी, म्हणजे शहीद सैनिकांच्या आठवणीत लावतात ते लाल फूल, थंडीने थरथरणाऱ्या बोटांनी सारखी करत म्हणाले, मी तेव्हा हो म्हटलं होतं, आपली पोरं गेली म्हटल्यावर मागे उभं राहायलाच पाहिजे असं वाटलं. इराकमध्ये ब्रिटनचे १७९ सैनिक मृत्युमुखी पडले, तिकडच्या लोकांची तर मोजदादच नाही. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, कारण आपण चुकलो हे इतकं सरळ बोलणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सरकार ऐकतं का. माझं मत, ऐकतं, पण बरंच उशिरा आणि भलत्याच युद्धाच्या वेळी. २००३ ची किंमत तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरॉन यांनी २०१३ मध्ये मोजली, सीरियावर हल्ल्याचा ठराव २८५ विरुद्ध २७२ असा १३ मतांनी पडला, आणि त्या चर्चेवर सगळी इराकचीच सावली होती. गाझातल्या युद्धाचं तर मी माझ्याच मतदारसंघात बघितलं. २०१९ ला लेस्टर साउथमध्ये लेबर पार्टी २२ हजारांहून जास्त मतांनी आली होती, २०२४ ला देशभर लेबरची लाट असताना इथे त्यांचे जोनाथन अॅशवर्थ, जे मंत्री होणार हे जवळजवळ नक्की होतं, ते अपक्ष शौकत अॅडम यांच्याकडून ९७९ मतांनी पडले. प्रचाराला दारावर आलेल्या मुलीला मी खड्ड्यांबद्दल विचारायचं ठरवलं होतं, पण माझ्या आधीच्या तीन घरांत तिला युद्धबंदीबद्दलच विचारलं गेलं होतं, असं तीच म्हणाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटनने पॅलेस्टाइनला मान्यता दिली, त्यामागे इतर देशांचंही पुष्कळ राजकारण होतं, पण अशा निकालांचा धसका अजिबात नव्हता असं मला नाही वाटत.

आणि एक, हे आपल्या बऱ्याच मुलांना माहीतच नसतं. भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्याला कॉमनवेल्थ म्हणजे राष्ट्रकुल देशाचा नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपियन युनियन सोडायचं की नाही याच्या सार्वमतालासुद्धा मी मत दिलं, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा पोलंडचा माणूस, माझ्याहून जास्त वर्षं इथे टॅक्स भरणारा, त्याला देता आलं नाही. संध्याकाळी शिफ्टला आला तेव्हा काय बोलावं मला सुचेना. तर तुम्ही आलात की महिनाभरात ऑनलाइन मतदार यादीत नाव घाला, विद्यार्थ्यांनाही चालतं, फुकट आहे, पाच मिनिटं लागतात, आणि मतदानाला जाताना पासपोर्ट बरोबर न्या, २०२३ पासून फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं.